पटसंख्या एक, वह्या एकेचाळीस

असल्फ्याच्या डोंगरावर, अगदी वरच्या गल्लीत, अनंत घाडीगावकर राहतो. साकीनाक्याला एका वर्कशॉपात लेथवर सेटर आहे, बावीस वर्षं झाली. शिक्षण आठवी. वडील काशीराम गिरणीत मागावर होते, गिरणी बंद पडली आणि घरातल्या थोरल्यानं दप्तर ठेवून हातात पान्हा घेतला, इतकी सरळ गोष्ट. त्यात रडण्यासारखं काही नाही आणि अनंत कधी रडत बसलाही नाही.

पण दोन वर्षांपूर्वी या आठवी पास माणसानं एकुलत्या एक मुलीला शाळेतून काढलं आणि जाहीर केलं, की मी शिकवतो हिला घरी. अहो, गल्लीत नुसता कल्ला! नळावर तोच विषय, किराण्याच्या दुकानात तोच विषय. 'पोरीची वाट लावणार हा' हे त्यातल्या त्यात सभ्य बोलणं. बाकीचं इथे लिहिण्यासारखं नाही. काही लोक तर रस्त्यात हात जोडून 'काय मास्तर, शाळा भरली का?' असं विचारायचे. अनंत म्हणायचा, "भरली ना. पटसंख्या एक, गैरहजर कुणी नाही." आणि पुढे जायचा. तोंडानं कमी नाही तो.

शाळेतून काढलं ते काही हौसेनं नाही. श्रुतिका तेव्हा नऊ वर्षांची, चौथी संपत आलेली. हात धिमा. बाई फळ्यावर उत्तरं लिहून द्यायच्या, मुलांनी ती उतरवायची, आणि हिची तिसरी ओळ होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. बाईंचा तरी काय दोष म्हणा, एका वर्गात साठ पोरं. पण श्रुतिकाच्या वहीत पानोपानी लाल शाईनं एकच शब्द, 'अपूर्ण'. मग सकाळी दप्तर भरायला घेतलं की तिला उलट्या व्हायला लागल्या. डॉक्टरांनी पोट तपासलं, रक्त तपासलं. सापडलं काहीच नाही.

एक दिवस अनंतनं तिची निबंधाची वही उघडली. विषय, माझे आजोबा. 'माझे आजोबा शेतकरी आहेत. ते पहाटे उठून शेतात जातात. त्यांच्याकडे दोन बैल आहेत.'

"कुठले बैल गं?" अनंतनं विचारलं.

"फळ्यावर होते," श्रुतिका म्हणाली.

काशीराम घाडीगावकरनं उभ्या आयुष्यात बैल हाकला नव्हता. तीस वर्षं माग चालवला होता. आणि जायच्या आधी दोन वर्षं नातीला शेजारी बसवून धोटा कसा पळतो, धागा तुटला की एका बोटानं गाठ कशी मारतात, सगळं करून दाखवलं होतं. श्रुतिकाला ते तोंडपाठ होतं.

"मग ते का नाही लिहिलंस?"

"ते लिहिलं तर चूक देतात, पप्पा."

झालं! तिथे अनंतचं डोकं फिरलं. वही मिटून त्यानं कपाटावर ठेवली आणि बायकोला सांगून टाकलं, की जूनपासून ही शाळेत जाणार नाही.

क्षमा, म्हणजे त्याची बायको, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला असते. बाई शांत, पण हिशेबाची पक्की. तिनं आरडाओरडा केला नाही. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमची सेकंड शिफ्ट, सकाळी घरी असता, शिकवा. दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, ते मी विचारून आले. पण दोन वर्षं. दोन वर्षांनी माझी ताई येऊन हिची परीक्षा घेणार. ताई ठीक म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली, तर श्रुती बोरीवलीला ताईकडे राहणार आणि तिथल्या शाळेत जाणार. तेव्हा तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार," अनंत म्हणाला. म्हणाला खरा, पण ते सोपं नव्हतं. कारण ताई म्हणजे शर्मिष्ठाताई. चौतीस वर्षं शाळेत, शेवटची आठ मुख्याध्यापिका. लग्नात यांनी आहेराच्या पाकिटावरच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली होती. या बाईसमोर पोर उभी करायची, आणि नापास झाली तर पोरच घरातून जाणार. दगडाखाली हात म्हणतात तो हा.

आता प्रश्न असा, की आठवी पास माणूस शिकवणार कसं? अनंतला शिकायची एकच रीत ठाऊक होती, वही. वर्कशॉपात तो पोरसवदा लागला तेव्हा तिथे भाऊ म्हणून जुने सेटर होते. त्यांनी पहिल्या दिवशी हातात मशीन दिलं नाही, लांब वही दिली. उजव्या पानावर केलेल्या जॉबचं चित्र आणि मापं. डावं पान कोरं सोडायचं, शंका आणि चुका लिहायला. स्वतः मोजलं नसेल ते वहीत येता कामा नये. आणि खोडायचं नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, बाजूला बरोबर काय ते, आणि तारीख. "चूक दिसूक होयी रे," भाऊ मालवणीत म्हणायचे, "लपवलंस तर परत तीच करशील." अनंतच्या अशा सव्वीस वह्या पलंगाखाली आहेत. आज मालक त्याला विचारून जॉब घेतो, तो या वह्यांच्या जोरावर.

तेव्हा जूनमध्ये त्यानं श्रुतिकासमोर कोरी दोनशे पानी वही ठेवली आणि हे सगळे नियम सांगितले. पोरगी वही बघून भिंतीला टेकली. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. एक ओळ लिहायची, अक्षर वाकडं आलं की पान फाडायची, गोळा करून खिडकीबाहेर. खाली राहणाऱ्या बाई एकदा दहा-बारा गोळे घेऊन वर आल्या होत्या भांडायला. सहा आठवडे असे गेले. अनंतच्या नाकी नऊ आले. एकदा तर तो ओरडला तिच्यावर, अगदी चाळीला ऐकू जाईल असा ओरडला, आणि मग बाहेर पायरीवर जाऊन बसला. मनात म्हणाला, लोक खरं बोलतात, हे आपलं काम नाही.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे, उठला, पलंगाखालून स्वतःची चौथी वही ओढून काढली आणि एक पान उघडून तिच्या मांडीवर टाकलं. त्या पानावर बुशचं, म्हणजे मधे बोअर, भोक असलेल्या लोखंडी नळीचं चित्र होतं, एका मापावर आडवी रेघ होती आणि डावीकडे लिहिलं होतं, 'बोअर मोठा झाला. चाळीस पीस भंगार. पहिला पीस मोजला, नंतर मोजलेच नाहीत. चूक माझी.'

"चाळीस?" श्रुतिकाचे डोळे मोठे झाले.

"चाळीस."

"मालकांनी मारलं नाही?"

"शिव्या घातल्या. आईबापावरून."

"आणि तू ते वहीत लिहून ठेवलंस?"

"मग? म्हणून तर परत कधी झालं नाही."

पोरीनं ते पान तीनदा वाचलं आणि हसत सुटली. चाळीस पीस भंगार! ही गोष्ट तिनं संध्याकाळी आईला सांगितली, शेजारी सांगितली, खालच्या भांडकुदळ बाईंनाही सांगितली. बापाची अब्रू गेली, पण दुसऱ्या दिवशी वहीत पहिली ओळ आली. 'आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत १४० पायऱ्या आहेत.' त्यावर दोन दिवसांनी आडवी रेघ, आणि बाजूला, '१४२. गटारावरच्या दोन मोजायच्या राहिल्या.'

तिथून मात्र गाडी सुटली. प्रत्येक पायरीची उंची मोजून तिनं बेरीज केली आणि आपला डोंगर अठ्ठ्याहत्तर फूट चढावा लागतो हे गल्लीला कळवलं. लोक रोज धापा टाकत होते, पण किती फूट धापा टाकतो ते कुणाला ठाऊक होतं? पाण्याची वही झाली, नळ किती वाजता आला आणि किती मिनिटं टिकला, त्याचे उभे पट्टे रंगवलेले. मग गल्लीतल्या अकरा घरांचा इतिहास. कोण कुठल्या गावाहून आलं, कुठल्या साली, तेव्हा इथे काय होतं. त्यासाठी ती वही घेऊन दारोदार जायची आणि 'पुरावा काय?' असं विचारायची. एका आजोबांनी साल सांगितलं तर ही म्हणाली, रेशनकार्ड दाखवा. आजोबांनी दाखवलंही. मरणाची भीती नव्हती तेवढी लोकांना या पोरीच्या वहीची भीती वाटायला लागली. अनंत समोर धरून बसायचा ते मुलांचं क्रमिक पुस्तकच, बरं का, त्याच्या बाहेर तो गेला नाही. पण पुस्तकातलं काहीही आधी करायचं, मोजायचं, विचारायचं आणि मगच आपल्या शब्दांत वहीत लिहायचं. जे त्याला येत नव्हतं, ते तो 'मला येत नाही' असं डाव्या पानावर लिहायला लावायचा, मग स्वतः शिकून यायचा आणि खाली उत्तर भरायचा. बाप नि लेक एकाच वर्गात.

दोन वर्षांत वह्या झाल्या एकेचाळीस. सकाळच्या उलट्या कधी थांबल्या ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी शर्मिष्ठाताई आल्या. डोंगर चढून घामाघूम. पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या आणि पिशवीतून सहावीचा हातानं लिहिलेला पेपर काढला. मराठी, गणित, विज्ञान, इतिहास, इंग्रजी, सगळे मिळून शंभर गुण, अडीच तास. "तुम्ही दोघं बाहेर बसा," त्या म्हणाल्या. स्वतःच्या घरातून अनंत बाहेर गेला आणि पायरीवर बसला. क्षमा शेजारी. अनंतच्या शिफ्टला अजून पाच तास होते, तरी तो सारखं घड्याळ बघत होता.

अडीच तासांनी पेपर झाला, पाऊण तास ताईंनी तपासला आणि दोघांना आत बोलावलं. श्रुतिका पलंगावर पाय हलवत बसली होती. ताईंचा चेहरा बघून अनंतला कळलं की काहीतरी बिघडलंय.

"मराठी चांगलं आहे," ताई म्हणाल्या. "शुद्धलेखन भयंकर, पण मजकूर स्वतःचा आहे. इतिहास, विज्ञान ठीक. इंग्रजीची काय वाट लागलीये ते मी बोलत नाही. पण अनंतराव, हे काय?" त्यांनी गणिताचं पान पुढे केलं. "अपूर्णांकांची दहा उदाहरणं. दहाच्या दहा चूक. हिला अपूर्णांक शिकवलेच नाहीत?"

अनंतनं पान हातात घेतलं. तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश, यापुढे श्रुतिकानं लिहिलं होतं, '५ सूत'. एक द्वितीयांश वजा एक अष्टमांश, '३ सूत'. सगळ्यांवर लाल फुल्या.

वर्कशॉपात इंचाचे आठ भाग करतात आणि त्यातल्या एकाला सूत म्हणतात. बावीस वर्षं तो सुतात बोलतोय, सुतात विचार करतोय. पोरीला त्यानं अपूर्णांक मोजायच्या टेपवर शिकवले, सुतावर शिकवले, आणि शाळेच्या कागदावर सूत चालत नाही हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही! पोरीला सगळं येत होतं आणि बापाच्या एका शब्दापायी ती बोरीवलीला चालली होती. कपाळावर हात मारून घ्यावा असं त्याला वाटलं.

"ताई, चूक माझी आहे," तो कसाबसा म्हणाला. "सूत म्हणजे..."

"तुम्ही थांबा," ताई म्हणाल्या. "तिला बोलू दे."

श्रुतिका उठली, टेप घेऊन आली आणि मावशीच्या पुढ्यात पसरली. "हा इंच. याचे आठ भाग. एक भाग म्हणजे सूत. तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत. झाले पाच. चुकलं कुठे?"

ताईंनी चष्मा वर केला. "बरं. आणि हे? एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश. इथे लिहिलंयस, 'इंचात बसत नाही, फुटात घेतलं. चार इंच अधिक दोन इंच, सहा इंच. अर्धा फूट.'"

"इंचाचे आठ भाग असतात, तीन कसे पाडणार? फुटात बारा इंच, बाराचे तीनही पडतात, सहाही पडतात."

"आणि हे सातवं?" ताईंचा आवाज जरा बदलला होता. एक सप्तमांश अधिक दोन सप्तमांश. खाली वहीच्या कागदाची एक पट्टी डकवलेली, तिच्यावर सात भाग आखलेले, आणि लिहिलेलं, 'कुठल्याच पट्टीवर बसत नाही. म्हणून सात भागांची पट्टी स्वतः केली. तीन भाग.'

क्षमा पदराचं टोक पिळत उभी होती. ताईंनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "आता मी एक तोंडी घालते. पेपरात नाही. एक तृतीयांश अधिक एक सप्तमांश."

हे अनंतनं शिकवलंच नव्हतं. श्रुतिकानं छताकडे बघितलं, ओठ हलवले, बोटांवर काहीतरी केलं. धिमी पोर ती, वेळ घेणारच. ताईंनी घाई केली नाही. एक मिनिट गेलं असेल, पण अनंतला तो तास वाटला.

"तिनाची पट्टी आणि साताची पट्टी एकमेकींना लागत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "नवीन करायला लागेल. एकवीस भागांची."

"एकवीसच का?"

"कारण एकविसात तिनाचेही भाग सारखे पडतात आणि साताचेही. मग एक तृतीयांश म्हणजे सात भाग, एक सप्तमांश म्हणजे तीन. झाले दहा."

"दहा काय?"

"एकविसातले दहा."

शर्मिष्ठाताईंनी चष्मा काढला आणि साडीच्या पदरानं पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "क्षमा, लसावि चौतीस वर्षं शिकवला मी. मुलं पटापट करायची. का करायचा, ते मला एकानंही सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही."

मग त्यांनी वह्या मागवल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस पलंगावर आल्या आणि ताई त्यात गढून गेल्या. पायऱ्यांपाशी हसल्या, रेशनकार्डापाशी मोठ्यानं हसल्या. काशीराम आजोबांचं पान आलं, मागाचं चित्र, धोट्याचं चित्र, बोटावरच्या गाठीच्या पाच पायऱ्या, तिथे थांबल्या. वरणभात जेवल्या, जेवताना डाव्या हातानं पानं उलटत होत्या. दोन वाजले. अनंतनं शिफ्टला निघायला हवं होतं, पण पाय निघेनात. कारण ताई अजून ठीक म्हणाल्या नव्हत्या.

शेवटी हात धुऊन त्या बसल्या. "अनंतराव, ऐका. सूत वर्कशॉपात. कागदावर अष्टमांश. दोन्ही यायला पाहिजे, हे तिला आजच्या आज शिकवा. इंग्रजीसाठी मी महिन्यातून दोन शनिवार येईन, डोंगर चढून येईन, अठ्ठ्याहत्तर फूट. पोरगी इथून कुठेही जाणार नाही."

क्षमानं एकदम तोंडावर पदर धरला. श्रुतिका "येऽऽ!" करून पलंगावरून उडी मारून खाली. अनंत नुसता मान हलवत राहिला.

ताईंनी पिशवीतून एक कोरं प्रगतिपुस्तक काढलं, बोरीवलीच्या दुकानातून आणलेलं, साधं, निळ्या पुठ्ठ्याचं. नाव घातलं. विषयांपुढे गुण भरले, पेपरावरच्या गणिताच्या फुल्या स्वतः एकेक आडव्या रेघेनं मोडून नवे गुण घातले. इंग्रजीपुढे जे होते तेच घातले, एकही वाढवला नाही. परीक्षक म्हणून सही केली. आणि मग ते पुस्तक फिरवून अनंतसमोर ठेवलं, पेन दिलं.

"इथे सही करा."

"पालकाची ना? क्षमा करेल, तिची सही चांगली आहे."

"पालकाची खाली आहे, ती क्षमाच करेल," ताई म्हणाल्या. "ही वर्गशिक्षकाची जागा आहे. मी परीक्षक, मी कशी करणार? हिचे वर्गशिक्षक तुम्ही."

अनंतनं पेन हातात धरलं. नखांत बावीस वर्षांचं काळं ऑइल होतं. सही पगाराच्या कागदावर करतो तशी न करता त्यानं सावकाश, लेकीसारखा वेळ घेत, पूर्ण नाव लिहिलं. अनंत काशीराम घाडीगावकर. डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून मान जरा मागे घेतली. लपवलं मात्र नाही.

त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा तो शिफ्टला पाऊण तास उशिरा पोहोचला. सुपरवायझर दारातच उभा.

"काय रे अन्या, आज उशीर?"

"शाळेत होतो," अनंत म्हणाला.

"कुणाच्या शाळेत?"

"माझ्या," अनंत म्हणाला आणि आत जाऊन मशीन चालू केलं.